मुकी लेझीम

गड्डा उठला की गॅदरिंग. गड्डा म्हणजे आमच्या सोलापुरातली सिद्धेश्वराची यात्रा. आमच्या शाळेत त्याची तारीख कुणाला विचारावी लागत नसे. होम मैदानावरचे पाळणे सुटे होऊन ट्रकात चढले, की पुढच्या आठवड्यात आमच्या पटांगणात मांडवाचे बांबू पडायचे. यामागे भक्ती कमी आणि कपड्यांचा हिशेब जास्त होता. लेझीमच्या पोरांना बाराबंदी हवी आणि ती भाड्यानं आणायला शाळेकडे पैसे नाहीत. पण सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांबरोबर बाराबंदी घालून चालणारे काका, आजोबा गल्लीगल्लीत होते. संक्रांतीची यात्रा पार पडली की त्यांच्या बाराबंद्या धुऊन, टाचण्या मारून आमच्या अंगावर. माझी गुडघ्याखाली यायची. आई म्हणायची, पोरगं नाचायला निघालंय की झोपायला?

कपडे गोळा करणं, मांडवाला दोर बांधणं, नाटकाचा पडदा ओढणं, हे सगळं शाळेच्या शिपाईमामांकडे. नाटक दरवर्षी एकच असायचं. सोलापूरचा १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी, आणि पडदा. मामांना शेवटचं वाक्य ऐकू यायचं नाही, म्हणून एका पोराला त्यांचा सदरा ओढायला विंगेत बसवलेलं असे. एका वर्षी तो पोरगाच रडत बसला आणि चारही हुतात्मे फाशी जाऊन बराच वेळ तसेच उभे राहिले.

मामांचे कान गिरणीत गेले होते. तरुणपणापासून साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात. शेकडो साच्यांच्या खडखडाटात माणूस कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू येत नाही, तिथं सगळे ओठांवर आणि हातवाऱ्यांवर बोलतात. मग गिरणी बंद पडली. भोंगा थांबला, देणी अडकली आणि मामा आमच्या शाळेत घंटा वाजवायला आले. ती घंटासुद्धा त्यांना नीट ऐकू येत नव्हती. देण्यांचं कुणी विचारलं की हसून म्हणायचे, "देणार म्हणलेत की. यात्रेच्या आत. कंच्या यात्रेच्या, ते विचारायचं राहिलं बघ."

या माणसानं आम्हाला लेझीम शिकवली. पीटीच्या सरांना पुस्तकातली यायची, चार आवाज, पवित्रा, आगे फलांग. मामांची तालमीतली होती, गणपतीच्या मिरवणुकीत रात्रभर खेळून मुरलेली. हलगीवाल्याला ते जवळ उभं करायचे आणि तळवा हलगीच्या कडेला टेकवून ठेका घ्यायचे. आम्हाला सांगायचे, "मी कानानं बघत नाही बे, पायानं बघतो." ओळीत कुणी चुकलं की ओरडणं नाही. दोन बोटं जुळवायची आणि फटकन वेगळी करायची. गिरणीतली खूण, धागा तुटला. तुटलेला धागा कोण, ते प्रत्येकाला आपोआप कळायचं. बहुतेक वेळा मीच असायचो.

मला ठेका नव्हता. अजूनही नाही. सर म्हणाले, याला मांडवाच्या कामाला घ्या. मामांनी दुसऱ्या दिवशी कोठीतून एक लेझीम आणली. दांडा धड, साखळी धड, पण चकती एकही नाही. कितीही हलवा, आवाज शून्य. "ही घे. हिच्यावर कितीबी चूक. कुणाला कळणार नाही. मला तर सगळ्यांच्याच अशा आहेत." त्या वर्षी मी शेवटच्या ओळीत मुकी लेझीम घेऊन नाचलो आणि घरच्यांना वाटलं, आपलं पोरगं उत्तम खेळतंय. पुढच्या वर्षी मामांनी तिच्यात दोन चकत्या तारेनं ओवून दिल्या. आठवीत चार. दहावीपर्यंत ती पूर्ण वाजायला लागली. माझा ठेका सुधारला की नाही हे कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पण मामा म्हटलं की मला गॅदरिंगपेक्षा एक अंगण आधी आठवतं. आमच्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी होती. घरी तेलुगू, शाळेत मराठी. मुलींच्या लेझीमला पुढं उभं राहण्यासारखी. अंगात असा जोर की हलगीवाला तिच्याकडे बघून वाजवायचा. गॅदरिंगला आठ दिवस उरले असताना ती सरावाला यायची बंद झाली. तिच्या आईचा अंगठा पिकला होता. हजार विड्या रोज द्यायच्या, नाही दिल्या तर विडी कामगाराचं कार्ड हातून जायची भीती. पोरगी शाळेतून गेली की पानं कापायला बसायची.

मामा मला सायकलवर डबलसीट घेऊन तिच्या घरी गेले. अंगणात पोत्यावर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. मामांनी टोपी काढली, पोरीच्या हातातली कात्री घेतली आणि म्हणाले, "अक्का, हिला दोन तास सोडा. तिच्या वाटची पानं मी कापतो." घरी कन्नड बोलणारा माणूस मोडक्या तेलुगूत हे सांगत होता. अक्का काहीच बोलली नाही, फक्त पत्रा पुढे सरकवला. पानावर पत्रा ठेवायचा आणि त्याच्या कडेकडेनं कात्री फिरवायची. दिसायला सोपं. मामांनी पहिली दहा-बारा पानं वाया घालवली, तेव्हा अक्का पहिल्यांदा हसली. मलाही बसवलं. एक शीर आडवी आली तर पान विडीला जात नाही, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि ओल्या पानांचा तो तुरट वास दोन दिवस बोटांना राहिला.

रोज संध्याकाळी घंटा देऊन झाली की मामा तिकडे. आठवडाभर. शाळेत कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला इतकंच दिसायचं, की ती पुन्हा पुढं उभी आहे आणि मामांच्या बोटांना हिरवट-काळे डाग आहेत.

त्या गॅदरिंगला मुलींची लेझीम छान झाली, इतकंच आठवतं. बक्षीस नाटकाला मिळालं. अक्का मांडवाच्या कडेला, चप्पल हातात घेऊन, शेवटपर्यंत उभी होती. नंतर सगळ्यांना कागदात चिवडा-बुंदी वाटली. मामांची बुंदी पोरांनी खाल्ली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. देणी आली का, ते त्यांच्या घरच्यांना विचारायचा धीर होत नाही. गेल्या जानेवारीत जुन्या वर्गाचा मेळावा झाला, शाळेच्याच पटांगणात. ती आली होती. कुंभारीला विडी घरकुलात राहते, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर जाते. रविवारी सकाळी तिथल्या बायकांना लेझीम शिकवते. विड्या वळून, पोरांचं आवरून येतात म्हणे, पंधरा-वीस जणी. एखादी बाई चुकली तर काय करतेस, असं मी बोलता बोलता विचारलं. तिनं दोन बोटं जुळवली आणि फटकन वेगळी केली.

"आणि माझी मुकी? कोठीतच असेल ना?"

"कोठी पाडली तेव्हाच मी मागून नेली. चकत्या काढून टाकल्या सगळ्या." मग म्हणाली, "शेजारची नवी सून आहे एक. तिच्याकडं दिलीय. पुढच्या रविवारी दोन घालणार आहे."

मला परत मागाविशी वाटली होती. मागितली नाही.