सातव्या आकड्याला

पाळणाघरात काम करणाऱ्या बाईला बोलणं कधी कमी पडत नाही. मला तर नाहीच. आठ वर्षं माझ्या तोंडाची टकळी दिवसभर चालू असते. मुलांशी भरपूर बोलावं, त्यानं त्यांची भाषा वाढते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सोनूनं (नाव अर्थातच बदललंय) एका दुपारी माझी ही घमेंड उतरवली.

सोनू सव्वादोन वर्षांचा. या वयात बहुतेक मुलांकडे निदान ५० शब्द असतात आणि दोन-दोन शब्द जोडून बोलणं सुरू झालेलं असतं. सोनूच्या तोंडून महिनाभरात आम्ही 'आई' आणि 'नाई' एवढंच ऐकलं होतं. कान तपासून झाले होते, ते ठणठणीत. समजतही सगळं होतं. 'चप्पल आण' म्हटलं की ढिगातून स्वतःचीच जोडी उचलून आणायचा. बोलणं तेवढं नाही, आणि चावणं मात्र वाढत चाललेलं. त्या सकाळी एका मुलीच्या दंडावर त्याच्या दातांचे वळ उठले, तेव्हा मी पुरती वैतागले.

माझ्या सहकारी ताईंनी त्याच्या आईला दाखवायला फोनवर त्याच्या खेळाचा व्हिडिओ घेतला होता. दुपारी मुलं झोपल्यावर आम्ही तो पाहिला. त्यात सोनू कमी, मीच जास्त. "काय करतोयस? गाडी आहे का? कुठल्या रंगाची रे? लाल ना? चाकं किती? गाडी कशी वाजते?" ४० सेकंदांत ११ प्रश्न, त्यातल्या निम्म्यांची उत्तरंही माझीच. तिसऱ्या प्रश्नानंतर सोनूनं मान वर केली होती. ओठ जरासे उघडले होते. तेवढ्यात चौथा प्रश्न आला आणि ओठ मिटले. तेवढाच भाग मी चार वेळा मागे नेऊन पाहिला.

ऐकलेलं समजून घेऊन, शब्द शोधून तो जिभेवर आणायला एवढ्याशा पोराला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मला हे ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं.

सोनू उठल्यावर मी त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. थोड्या वेळानं गाडीचं एक चाक निखळलं आणि गडगडत कपाटाखाली गेलं. एरवी मी 'अरेरे, काय झालं?' करत धावले असते. आज तोंड मिटून मनात आकडे मोजू लागले. पाच सेकंद गप्प बसणं किती जड जातं, ते एकदा करून बघा.

सातव्या आकड्याला सोनू म्हणाला, "चाक गेला."

"हो, चाक गेलं. कपाटाखाली गेलं." 'गेला नाही, गेलं म्हण' हे अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं. महिन्याभरानं तोंड उघडलेल्या पोराचं व्याकरण कसलं काढायचं! बरोबर रूप कानावर पडलं, तेवढं पुष्कळ. मी पुन्हा गप्प. त्यानं कपाटाखाली बोट दाखवलं. "आत." मग आम्ही दोघांनी पोटावर आडवं होऊन पट्टीनं चाक बाहेर ओढलं.

तासाभरात त्या सकाळच्याच मुलीनं त्याची गाडी ओढली. त्याचा जबडा उघडलेला दिसला. 'चावू नको' म्हणणार होते, पण आपल्या बोलण्यात 'नको' येतं शेवटी. तोवर पोरांनी 'चावू' ऐकलेलं असतं. (हा माझा आपला तर्क.) मी खाली बसून त्याच्या वतीनं म्हटलं, "माझी गाडी. दे." त्यानं गाडी छातीशी धरली आणि "माझी!" असा काही ओरडला की पाळण्यातलं तान्हं दचकून जागं झालं. मला ते ओरडणं फार आवडलं. ताईंना नाही, तान्ह्याला पुन्हा झोपवायचं त्यांच्याकडे होतं.

संध्याकाळी त्याची आई आली. "आज बोलला का काही? काय बोललास रे? ताईंना टाटा केलास? काय म्हणायचं ताईंना?"

मी हळूच ओठांवर बोट ठेवलं. ती चपापून थांबली. सोनू चपलेचा पट्टा ओढत होता. मी मोजत होते. सात झाले, आठ झाले.

"चाक गेलं," तो आईला म्हणाला.

टाटा राहिलाच.