आजीच्या हातावरची तुळस

सोमवार

अखेर तारीख ठरली. येळवस (मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, शेतात जाऊन जेवायचा आमच्याकडचा सण) झाल्यानंतरचा दुसरा रविवार, सकाळी अकरा वाजता, इथंच लातूरला. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला आजीच्या हातावर होती तशी तुळस गोंदवून घ्यायची.

आजीच्या हातावरची ती तुळस मी लहानपणापासून बघत आले. भाकरी थापताना पिठानं झाकायची आणि हात धुतला की पुन्हा वर यायची. आजी गेली तेव्हा पाटल्या काढल्या, गळ्यातलं काढलं, हातावर तेवढी तुळस राहिली. "दागिने हितंच राहतेत माय, संगं येतंय ते गोंदणच" असं ती नेहमी म्हणायची. त्या दिवशी ते डोळ्यांनी बघितलं. तेव्हापासून हे मनात आहे. पण मनात आलं आणि उठून गेले असं मला करायचं नव्हतं.

कारण आजीला कुणी विचारलेलंच नव्हतं. माळेगावच्या जत्रेत, खंडोबाच्या दर्शनाला गेलेल्या असताना, तिला आणि तिच्या धाकट्या बहिणीला गोंदणारणीपुढं बसवलं. त्यांच्या आईनं हात दाबून धरला. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया, वाटीत काजळी कालवलेली. रांगेतल्या सगळ्या पोरींना त्याच सुया. मोबदल्यात जोंधळे. आजीनं हे सांगताना कधी तक्रार केली नाही, पण "लई रडले होते" हे वाक्यही कधी गाळलं नाही. मला तुळस तिचीच हवी आहे, पण ती माझ्या राजीखुशीनं आणि सगळं बघून-विचारून हातावर यायला हवी. म्हणून एवढी तयारी.

ती तयारी बरीच आधी सुरू झाली. डॉक्टरांनी सगळ्यात आधी हिपॅटायटिस बीच्या लसीचं विचारलं. माझी घेतलेली नव्हती. पहिला डोस, महिन्यानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसरा होईपर्यंत तारीखच घ्यायची नाही हे तेव्हाच ठरवलं. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीला मात्र लस नाही, तिथं सुई नवी असणं हाच बचाव, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसरं रक्तदानाचं. गोंदवून घेतलं की १२ महिने रक्त देता येत नाही. मी दरवर्षी देते, त्यामुळे हे मला लागलं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, १७ सप्टेंबरला, शिबिरात जाऊन रक्त देऊन आले आणि तिथल्या ताईंना सांगून आले की पुढच्या वर्षी मी दिसणार नाही, माझ्याऐवजी ह्यांना पाठवते.

शुगरही तपासून घेतली. आईला आहे, मामाला आहे, म्हटलं मला कळायला हवं. शुगर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि गोंदण म्हणजे शेवटी जखमच. माझा तीन महिन्यांचा सरासरी आकडा ठीक आला. डॉक्टरांनी लहानपणीचा कापल्याचा व्रणही बघितला. काहींची जखम भरताना मांस वर येतं, गाठ धरते, केलॉइड म्हणतात त्याला. तसं असेल तर गोंदण्याचा विचारच सोडावा म्हणाले. माझा व्रण सपाट आहे.

बुधवार

आज शाळा सुटल्यावर पुन्हा त्या गोंदणाऱ्या मुलाकडे जाऊन आले. (मुलगाच म्हणते, माझ्या पहिल्या बॅचच्या पोरांएवढा असेल.) पैसे भरण्याआधी जे विचारायचं होतं ते सगळं विचारलं.

त्याच्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. तिथं टेबलावर शाईची बाटली उघडी होती आणि सुई आधीच मशीनला लावलेली. सुई नवी आहे का विचारलं तर "रोज दहा जण येतात मॅडम, कुणाला काही झालं नाही" असं उत्तर मिळालं. मी उठून आले. हातात ग्लोव्हज नसलेला माणूस एका वेळी परवडेल, पण प्रश्न विचारल्याचा राग येणारा माणूस मला माझ्या हाताजवळ नको.

ह्या मुलानं मात्र न मागता ड्रॉवर उघडला. एकेका सुईचं पाकीट सीलबंद, त्यावर निर्जंतुक केल्याची खूण आणि एक्स्पायरीची तारीख. माझं पाकीट माझ्यासमोर फोडायचं आणि काम झालं की सुई माझ्यासमोर डब्यात टाकायची, हे त्यानंच आधी सांगितलं. शाई बाटलीतून थेट घेत नाहीत. लागेल तेवढी छोट्या टोपणात काढायची, उरलेली फेकायची, बाटलीत परत ओतायची नाही. मशीनला आणि वायरीला पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, दर माणसाला नवं. मी पाकिटावरची तारीख वाचत होते तेव्हा तो शांतपणे थांबला. तिथंच माझा निर्णय झाला.

कानामागं शाईचा एक बारीक ठिपका देऊन बघितला. ॲलर्जी असली तर खाज, सूज, पुरळ दिसेल म्हणाला. काळ्या शाईचा त्रास तसा कमी, लाल रंगाचा जास्त. मला तर काळंच हवंय.

सुई किती खोल जाते तेही विचारलं. साधारण १ ते २ मिलिमीटर. वरची कातडी सतत झडून नवी येत असते, शाई तिथं राहिली तर काही आठवड्यांत निघून जाईल. ती त्याखालच्या थरात पोचावी लागते. तिथं शरीरातल्या पेशी तो रंग परका समजून गिळतात आणि धरून बसतात. त्या पेशी मेल्या की सुटलेला रंग नव्या पेशी उचलतात. आजीची तुळस सत्तर-पंच्याहत्तर वर्षं कशी टिकली हे मला आज समजलं. तिच्या अंगानं ती पुन्हा पुन्हा धरून ठेवली होती.

शुक्रवार, येळवस

सकाळीच अहमदपूरकडं, आमच्या शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, आंबील, मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. ज्वारी कमरेच्या वर आलीय. जेवणं झाल्यावर अक्काला, म्हणजे आजीच्या धाकट्या बहिणीला, कोपीच्या सावलीत बसवलं आणि पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला. आजीचा हात आता नाही. पण त्याच दिवशी, त्याच गोंदणारणीनं काढलेली तीच तुळस अक्काच्या हातावर आहे.

काम सोपं नव्हतं. कातडी इतकी सैल झालीय की नुसता कागद ठेवला तर तुळस सुरकुतीत जाते. मी डाव्या हातानं तिची कातडी हलकेच ताणली आणि उजव्या हातानं रेघ गिरवली. काळी काजळी, पण कातडीखालून निळसर-हिरवी दिसते. रेघा पसरून जाड झाल्यात, कडा उरलेल्या नाहीत. खाली वृंदावनाचा चौकोन, त्यात एक फुली, वर तीन फांद्या, फांद्यांच्या टोकाला ठिपके. जवळून बघितलं तर प्रत्येक रेघ सुटी टोचलेली आहे, टोचणी टोचणीतलं अंतर वेगळं. मनगटाकडच्या रेघा दाट, कोपराकडच्या विरळ. दमली असेल बाई, किंवा रांग मोठी असेल.

गिरवताना लक्षात आलं, डाव्या फांदीला तीन ठिपके आहेत आणि उजवीला दोनच. अक्काला विचारलं.

"मी हात वडला की गं. मायनं दोन थापडा मारल्या. तवर तिनं दुसरीचा हात धरला."

"आणि आजीचा?"

"तिनं न्हाई वडला. ती मोठी होती ना."

मोठी म्हणजे नऊ-दहा वर्षांची.

अक्कानं मग विचारलं, "तू कशाला करायलीस गं माय? तुला कोण म्हनलं?" कुणी नाही म्हणलं, मलाच हवंय, असं सांगितल्यावर ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. "दुखतंय बरं का," एवढंच बोलली आणि कागद सरळ धरायला स्वतःच दुसरा हात पुढं केला.

आमचं हे चाललेलं बघून पुतण्या जवळ आला. तो सैन्यभरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला धावायला जातो. त्याला दंडावर शिवाजी महाराजांचं चित्र काढायचं होतं, "काकू, तुमच्यासोबत माझंबी करून टाका." मी त्याला तिथंच बसवलं. सैन्यात गोंदण चालतं ते हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या मागं. दंडावर, छातीवर, मानेवर असलं की मेडिकलला बाहेर. आदिवासी समाजाच्या मुलांना त्यांच्या परंपरेपुरती सूट आहे, आपल्याला नाही. निमलष्करी दलांचे नियम त्याहून कडक, तिथं डावाच हात लागतो, सलाम उजव्या हातानं करतात म्हणून. गावागावांत मैदानावर घाम गाळणारी ही पोरं जत्रेत पाचशे रुपयांत दंड गोंदवून घेतात आणि दोन वर्षांची मेहनत तिथं संपते. हे त्यांना अकॅडमीतल्या पहिल्याच दिवशी सांगायला हवं. महाराज मनात ठेव, दंड मोकळा ठेव, असं त्याला म्हटलं. ऐकलं त्यानं. त्याच्या आईनं माझ्या ताटात आणखी एक उंडा वाढला.

मंगळवार

कागद त्या मुलाकडं दिला. त्यानं तो स्कॅन करून स्वच्छ करून पाठवला आणि मला धस्स झालं. रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ. दुकानातल्या लग्नपत्रिकेवर असते तशी तुळस. मी फोन करून सांगितलं, रेघा अक्काच्याच ठेवा, हातानं काढलेल्या दिसू देत. त्याला ते पटलं, पण ठिपक्यांमधलं अंतर वाढवावंच लागेल म्हणाला. वर्षांगणिक शाई थोडी पसरतेच, आज जवळ टोचलेले दोन ठिपके वीस वर्षांनी एक होतील. ते मी अक्काच्या हातावर बघूनच आले होते, त्यामुळे वाद घातला नाही. आकारही थोडा मोठा केला.

राहिला उजव्या फांदीचा तिसरा ठिपका. ठेवायचा की सोडायचा, हे त्यानं मला विचारलं. संध्याकाळभर विचार केला. अक्काचा राहिलेला ठिपका म्हणजे एका भ्यालेल्या पोरीनं ओढून घेतलेला हात आहे. ती जागा तशीच रिकामी ठेवणं छान दिसेल, पण मला तसं करावंसं वाटत नाही. माझा हात कुणी धरणार नाही. मी ओढून घेणार नाही. तुळस पूर्ण होऊ दे. अक्काला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "घाल की. माझ्या वाटचा घाल." ठिपका कायम.

ह्यांनी आज एकदाच विचारलं, नंतर नको वाटलं तर? लेझरनं निघतं, पण एका बैठकीत नाही, बऱ्याच बैठका लागतात, गोंदवण्याच्या खर्चाहून काढण्याचा खर्च जास्त आणि कधी कधी डाग उरतो. हे सगळं मी वाचलेलं होतं, सांगितलं. मग ते म्हणाले, "नाव नाही घालणार ना माझं?" नाही. आजोबांचं नाव आजीच्या दुसऱ्या हातावर होतं आणि ते तिनं उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नाही. मी ह्यांचं नाव घेते की रोज.

शनिवार

उद्या.

हात आठवडाभर जपला. थंडीनं कातडी उलते, त्यात आमचं बोअरचं जड पाणी. रोज रात्री साधं खोबरेल लावलं, आज रात्री मात्र काही लावायचं नाही, कातडी कोरडी हवी. वॅक्सिंग, शेव्हिंग काही नाही, केस काढायचे तर तोच नव्या ब्लेडनं काढेल. डोकेदुखीवर मी ॲस्पिरिनची गोळी घेते, रक्त पातळ होतं म्हणून ती आठवड्यापासून बंद, डॉक्टरांना विचारून. (ज्यांना हृदयासाठी ती गोळी चालू आहे त्यांनी ती परस्पर थांबवू नये. एका सहकारी बाईंना आज हेच बजावून सांगितलं, त्याही करायचं म्हणतायत.) चहा कमी केला, पाणी वाढवलं. उपास ठेवायचा नाही, उपाशीपोटी चक्कर येते, म्हणून तारीखच मार्गशीर्षातले गुरुवार संपल्यावरची घेतली.

आईशी हळदीवरून बोलणं झालं. तिचं म्हणणं, गोंदल्यावर हळद-तेल लावायचं, कायम तेच लावत आलेत. तिच्या मायेला मी दुखावणार नाही, पण ताज्या जखमेवर स्वयंपाकघरातलं काही लावणार नाही. सौम्य साबणानं धुवायचं, स्वच्छ कपड्यानं टिपायचं, त्यानं सांगितलेलं मलम पातळ लावायचं, खपली निघाली तर नखानं काढायची नाही. दोन-तीन आठवडे विहिरीत, तलावात हात बुडवायचा नाही. आईला म्हटलं, खपली पडून गेली की तू तुझ्या हातानं हळद लाव. कबूल झाली.

शाळेत खडूची धूळ असते, म्हणून सुती पूर्ण बाह्यांचे तीन ब्लाउज शिवून घेतलेत, बाही सैल. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवलंय. उन्हाळा सुरू व्हायच्या आत जखम भरलेली असेल. एप्रिलच्या घामात आणि उन्हात हे काम मी केलंच नसतं.

पिशवी भरली: आधार कार्ड, पाण्याची बाटली, गुळाचा खडा, शेंगदाण्याचा लाडू, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अक्काच्या हातावरून गिरवलेला मूळ कागद, त्यानं रेघा पुन्हा सरळ केल्या तर दाखवायला. लेक सोबत येणार आहे. ती दहावीत आहे. अठरा पूर्ण झाल्याशिवाय तुझ्या हाताला कुणी सुई लावायची नाही आणि अठरानंतर तुझं तू ठरव, हे तिला सांगून झालंय. उद्या तिनं माझा हात धरायचा नाही, शेजारी बसून पाकीट फोडताना तारीख वाचायची, एवढं काम तिच्याकडं दिलंय.