रिकामं पाकीट

परवा भर दुपारी पोस्टमन खाकी पाकीट देऊन गेला. तीन महिन्यांपूर्वी एका कार्यालयात अर्ज टाकला होता, त्याचं उत्तर. वर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, माझं नाव पत्त्यासकट बिनचूक. फोडलं तर आत काहीच नाही. उलटं करून झटकलं, उजेडात धरलं. काही नाही.

खरं तर संतापायला हवं होतं, पण आठवला काफ्का. त्याच्या 'द कॅसल' या कादंबरीत हुबेहूब असंच पाकीट आहे. 'आमच्या गावाला मोजणीदार नको' हे गावचं उत्तर भलत्याच विभागाकडे जातं, आणि तिथे पोचतं ते नुसतं पाकीट; आतला कागद कुठे राहिला देव जाणे. मग खुलासे, चौकश्या, स्मरणपत्रं. के. नावाच्या मोजणीदाराला हे रामायण गावचा मुख्य अंथरुणात पडल्या पडल्या ऐकवतो, कारण त्याचा पाय संधिवाताने ठणकत असतो. त्याची बायको कपाट उघडते तर सरपणाच्या मोळ्यांसारखी बांधलेली कागदांची भेंडोळी बदाबदा बाहेर. हवा तो कागद अर्थातच सापडत नाही. शेवटी कपाट आडवं पाडून त्यात सगळं कोंबतात आणि दार लागेना म्हणून के.चे दोघे मदतनीस त्यावर चढून बसतात.

काफ्का म्हटलं की माणसं चेहरा लांब करतात. मला तर इथे हसू आवरत नाही, कारण ते कपाट मी पाहिलंय. आमचे अण्णा बारनिशीला, म्हणजे ऑफिसातल्या आवक-जावक टपालाच्या नोंदीला होते. मे महिन्यात आई वैतागली की मला त्यांच्याबरोबर ऑफिसला पाठवायची. तिथल्या कपाटाला दाराऐवजी एक खुर्ची लावलेली असे. ती सरकवली की काय होतं, हे मी एकदा करून पाहिलं होतं.

पण अण्णांसमोर कुणी 'सरकारी कारभार' म्हणून हसलं की मला आजही झोंबतं. काफ्का तरी कोण होता? १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी केलेला माणूस. लाकूड रंधायच्या यंत्रातला चौकोनी दांडा काढून गोल बसवा, म्हणजे कामगारांची बोटं वाचतील, असा आकृत्या काढलेला अहवाल त्याने तिथे लिहिला. तो कागद पाकिटातून गळला असता तर?

असो. ऑफिसात माझ्याकडे खळीचं काम होतं. डबीत ब्रश बुडवायचा, पाकिटाच्या कडेवर फिरवायचा, तळहाताने दाबायचं. "आधी आत बघ, मग चिकटव," अण्णा दर वेळी सांगायचे. एका दुपारी शेजारच्या टेबलावर कुणीतरी कांदाभजी आणली. पुडा सुटला, वास पसरला, आणि मी उरलेला सगळा गठ्ठा दोन मिनिटांत चिकटवून टाकला. अण्णांनी एकेका पाकिटावर जावक क्रमांक घातला, रजिस्टरला नोंद केली. नोंद झाली म्हणजे पत्र गेलं.

त्या गठ्ठ्यातल्या किती पाकिटांत मी डोकावून पाहिलं होतं?

परवाचं पाकीट मी टाकून दिलेलं नाही. तक्रार-अर्ज लिहायला घेतला होता. दोन ओळींवर तसाच पडलाय.