चार कोरे चौकोन

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला सांगणारा फोन आला आणि डोळ्यांपुढे आधी आली ती एक चौकटीची वही. इमारत, मैदान, घंटा हे सगळं नंतर आठवलं.

सातवीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : वर्षभर रोज काय करशील? माझा नंबर आला तेव्हा मी ताठ उभी राहून म्हणाले, "रोज दोन तास अभ्यास." बाईंनी मान हलवली. "रोज एक गणित. कधी सोडवशील?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळ केवढी मोठी असते! कशानंतर, ते सांग."

बरंच घोळून ठरलं, की शाळेतून घरी आल्यावर हातपाय धुऊन झाले की दप्तरातून आधी गणिताची वही काढायची. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून पहिल्या पानावर लिहून घेतलं. त्याखाली चौकोन, एका दिवसाला एक. गणित झालं की आत पेन्सिलीने एक टिंब.

मला ते फार कमी वाटलं. घरी-दारी मला हुशार म्हणत असत, आणि हुशार मुलीने रोज एकच गणित सोडवायचं म्हणजे काय! पण ती वही दाखवायची असे, म्हणून करत राहिले. दहाएक दिवसांनी एक गंमत घडू लागली. हातपाय पुसतानाच मनात गणित घोळायला लागायचं. वही उघडायला स्वतःला बजावावं लागत नव्हतं. सवय लागते म्हणजे नेमकं काय होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा आतून कळलं.

मग तापाने चार दिवस अंथरुणात गेले. बरी झाल्यावर वही उघडली तर ओळीने चार रिकामे चौकोन. आजही सांगते, ते चार चौकोन मला तापापेक्षा जड गेले. मी एका बैठकीत चार टिंबं दिली आणि वही मिटली.

बाईंच्या ते लगेच लक्षात आलं. चारही टिंबं एकाच टोकाची, एकाच जोराची, आणि हजेरीपटावर तर मी गैरहजर. मधल्या सुट्टीत त्यांनी मला जवळ बसवलं आणि खोडरबर पुढे केलं. "ही चार खोडून टाक. आजारी होतीस, गणितं झाली नाहीत. कोरे राहू देत." मी रडवेली झाले. त्या म्हणाल्या, "कोऱ्या चौकोनाचं मला काही वाटत नाही. पाचवा मात्र आज संध्याकाळी भर." शिक्षा नाही, घरी चिठ्ठी नाही. संध्याकाळी मी हातपाय धुतले आणि वही काढली.

वर्षअखेरीस त्या वहीत बरेच कोरे चौकोन होते. पण सलग बरेच दिवस कोरे, असं पुन्हा क्वचितच झालं.

पुढे मी फिजिओथेरपी शिकले आणि गेली अनेक वर्षं तेच काम करते आहे. लोकांना वाटतं, आमचं काम हातांचं. खरं तर बरंचसं काम सवयीचं आहे. गुडघ्याचा सांधा बदलल्यानंतर पेशंट माझ्यासमोर असतो तो आठवड्यातले दोन-तीन तास. उरलेल्या वेळात त्याने घरी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच अंक मोजायचे, सैल सोडायचं, पुन्हा दाबायचं. व्यायाम सोपा, आणि म्हणूनच राहून जाणारा.

सुरुवातीच्या वर्षांत मी पेशंटना विचारायची, "रोज करता ना?" उत्तर ठरलेलं, "हो, रोज!" मांडीच्या स्नायूला हात लावला की कळायचं, की झालेलं नाही. काही जण पुढच्या वेळी यायचेच नाहीत. मला आधी राग यायचा. मग एके दिवशी लक्षात आलं, की हीच ती चार टिंबं. चूक माझ्या प्रश्नात होती. त्याचं एकच उत्तर शोभणारं होतं.

याच विषयावर वाचताना मला बाईंची पद्धत जागोजागी भेटत गेली. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हटलं. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर मागे हटली. नंतर आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायचे होते, तेव्हा हुशार म्हटलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होतं. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. सातवीतली ती मुलगी खोटारडी नव्हती. तिला हुशार राहायचं होतं.

सवय २१ दिवसांत लागते, असं पेशंटही मला सांगतात. या आकड्याचा उगम बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान सुमारे २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. तोंडोतोंडी जाताना त्यातलं 'किमान' गळून पडलं. या आकड्यामुळे नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण बाविसाव्या दिवशी अजून जड जातंय म्हटल्यावर माणूस स्वतःलाच दोष देतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एक छोटी गोष्ट रोज ठरावीक प्रसंगानंतर करायला सांगितली, म्हणजे बाईंचं 'कशानंतर?'च. २००९ साली त्यांचे निष्कर्ष आले. सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असं गणित निघालं. मधला आकडा ६६. आणि ज्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली ती ही, की एखाद्या दिवशी राहून गेलं तरी सवय घडण्यात म्हणावा असा फरक पडत नाही.

आता पहिल्या भेटीत मी पेशंटला चौकोनांचं एक कार्ड देते. व्यायाम कशानंतर, ते त्याच्याच तोंडून वदवून घेते. कुणी म्हणतं दात घासल्यावर, कुणी म्हणतं रात्री दिवा मालवण्याआधी. आणि सांगते, "काही चौकोन कोरे राहतील. ते मला दाखवा. त्यावरून मला कळतं, की व्यायाम बदलायचा की वेळ." सगळ्यांना याचा उपयोग होतो असं नाही. वेदना असह्य असेल, घरात आजारपण असेल, तर कार्डाने काही होत नाही. तिथे आधी वेदना कमी करावी लागते किंवा घरच्यांशी बोलावं लागतं. पण 'रोज करतो' असं खोटं सांगणारे कमी झाले, आणि मध्येच येणं सोडणारेही.

माझी स्वतःची वहीही आहे. रोज झोपण्याआधी दिवसाच्या कामाची नोंद करते, अर्धं पान. आई गेली त्या वर्षी त्यात दोन महिने कोरे आहेत. ते मी भरले नाहीत. त्यानंतरच्या पहिल्या नोंदीत फक्त तारीख आहे आणि एका पेशंटच्या खांद्याबद्दलचं एक वाक्य.

बाई आता निवृत्त आहेत. समारंभाला त्या येणार आहेत असं कळलं, तेव्हा मी कपाट उपसलं. सातवीची वही सापडली. पहिल्या पानावर माझ्या वळणदार अक्षरातलं ते वाक्य, आणि खाली चार चौकोन, ज्यांत खोडलेल्या टिंबांचे पुसट डाग अजून दिसतात. वही पिशवीत ठेवली आहे.