मान आणि खांद्यांच्या जुन्या दुखण्यावर सुईविना, शस्त्रक्रियेविना उपचार : माझा अनुभव

डोंबिवलीहून फोर्टला जाऊन लेखा विभागात काम करताना माझी मान आणि उजवा खांदा हळूहळू कायमचाच भरून राहू लागला. सकाळच्या गर्दीत एक हात डब्यातल्या कडीला, दुसऱ्या खांद्यावर जड पर्स आणि त्यानंतर दिवसभर संगणकासमोर पुढे झुकलेली मान, हा दिनक्रम मुंबईत असंख्य जणींचा आहे. खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्याशी बोट दाबले की कळ थेट कानामागे जात असे आणि संध्याकाळी डोकेही दुखू लागत असे.

अस्थिरोगतज्ज्ञांनी आधी गंभीर कारणे बाजूला काढली. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येतो का, पकड सुटते का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा सैल झाला आहे का, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणे आहे का, हे त्यांनी एकेक करून विचारले. यांपैकी काहीही असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तातडीने तपासणी करून घ्यावी, असे त्यांचे स्पष्ट मत होते. माझ्या एक्स-रेमध्ये मणक्यांची थोडी झीज दिसली आणि घरचे घाबरले; परंतु चाळिशीनंतर अशी झीज काहीही न दुखणाऱ्या अनेकांतही दिसते, आणि माझे दुखणे मुख्यतः ट्रॅपेझियस या मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या स्नायूचे आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. मानेचा पट्टा त्यांनी दिला नाही, कारण तो दीर्घकाळ वापरल्यास स्नायू अधिकच अशक्त होतात.

फिजिओथेरपीसाठी मी घराजवळच्या दवाखान्यात जाऊ लागले. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हे विभाग आहेत, हे मुद्दाम नोंदवते. माझ्या दवाखान्यात गरम शेक, मग आयएफटी, म्हणजे चार पॅड लावून दोन विद्युतप्रवाह दुखऱ्या भागात एकमेकांना छेदतील असे सोडण्याची पद्धत, आणि शेवटी पात्याजवळच्या गाठीवर अंगठ्याने संथ दाब, असा क्रम असे. टेन्सचे, म्हणजे त्वचेवर पॅड लावून सौम्य विद्युतप्रवाह देणारे, छोटे यंत्र घरीही वापरता येते, मात्र पेसमेकर असलेल्यांनी ही विजेची यंत्रे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. या उपचारांनी मला त्या रात्रीपुरती गाढ झोप मिळे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखणे परत येई. फिजिओथेरपिस्ट मॅडम पहिल्यापासून म्हणत होत्या, ‘‘यंत्रानं दुखणं उतरेल, पण खांद्यात ताकद तुम्हालाच आणायची आहे.’’

ती ताकद आणण्याचा भाग सर्वांत लांबला आणि माझ्या मते तोच खरा उपचार होता. सुरुवातीला हनुवटी सरळ मागे घेणे, पाती एकमेकींकडे ओढणे आणि तळहाताच्या दाबाला विरोध करत मान जागच्या जागी घट्ट धरणे, एवढेच होते. पुढे रबरी पट्टा आला आणि मग हलके डंबेल धरून खांदे वर उचलण्याचा व्यायाम सुरू झाला. दुखऱ्या खांद्यावर वजन कशाला, ही शंका मी विचारली तेव्हा मॅडमनी डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. ट्रॅपेझियस दुखणाऱ्या महिलांपैकी एका गटाने आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटे, मान आणि खांद्यांचे वजनाचे व्यायाम दहा आठवडे केले आणि त्यांचे दुखणे लक्षणीय कमी झाले; सायकल चालवणाऱ्या गटाला मात्र व्यायामानंतर थोडा वेळच आराम मिळाला. मधल्या काळात माझा खांदा अधिक दुखला आणि धीर खचला, हे खरे आहे. त्यासाठी मॅडमनी दिलेला नियम फार उपयोगी पडला : व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरले तर वजन तेच ठेवायचे, टिकून राहिले तर एक पायरी खाली यायचे, पण पूर्ण थांबायचे नाही.

त्याबरोबर संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणली आणि एका खांद्यावरच्या पर्सऐवजी पाठीवरची सॅक घेतली, जी गर्दीत पुढे लावता येते. केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती मात्र कोणीही करून घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका विरळ असला तरी खरा आहे.

मार्चअखेरीस कामाचे तास वाढले की खांदा अजूनही भरून येतो. तेव्हा मी शेक घेते, वजन थोडे कमी करते आणि दर तासाला खुर्चीवरून उठते. यंत्रासाठी दवाखान्यात जाणे आता बंद झाले आहे. अधूनमधून जाते ती फक्त व्यायाम बरोबर होत आहे ना, हे मॅडमना दाखवून पुढची पायरी विचारण्यासाठी.