तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ही मिलिंग कुठल्या कंपनीची?’

शेडमध्ये येणारा प्रत्येक माणूस, मग तो डिझाइन इंजिनिअर असो नाहीतर गॅस सिलिंडर द्यायला आलेला पोरगा, मिलिंगकडे बघून पहिलं हेच विचारतो. फोटो टाकला तरी खाली पहिला प्रश्न हाच. मी आजवर मूड बघून उत्तरं दिली, कधी ‘लोकल’, कधी ‘ब्रिजपोर्ट टाईप’, कधी ‘एमवनटीआर’. तिन्ही खरी आहेत आणि तिन्ही ऐकून समोरच्याचं तोंड पडतं, जणू मी काहीतरी लपवतोय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. घरात मिलिंग कशाला, हा प्रश्न इथे घेत नाही, तो बायकोने पुरेसा विचारून झालाय. आणि नाही, ही व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी नाही, फिरत्या कटरनं धातू कापणारी, हाताने हँडल फिरवायची साधी व्हर्टिकल मिलिंग आहे.

आधी एमवनटीआरचं. हे कंपनीचं नाव नाही हो. वर पुढेमागे सरकणारा रॅम, त्याच्या टोकाला कुठल्याही बाजूला वाकणारं हेड, खाली टेबल वरखाली करणारा ‘नी’ (गुडघा), ही रचना अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावात १९३८ ला आली आणि नंतर जगभर सगळ्यांनी उचलली. आपल्याकडे तशी मशीन कितीतरी जणांनी काढली आणि बाजारात सरसकट एमवनटीआर म्हणूनच ती विकली जाते. त्यामुळे ‘एमवनटीआर आहे’ असं कुणी सांगितलं तर तुम्हाला फक्त आकार कळला, बाकी काहीच नाही.

मी स्वतः पूर्वी लोकांना छातीठोक सांगायचो की घ्यायची तर एचएमटी नाहीतर बीएफडब्ल्यू, बाकी सगळं भंगार. ते अगदीच चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. बीएफडब्ल्यू १९६१ ला बंगळुरात जर्मनीच्या फ्रिट्झ वेर्नरबरोबर सुरू झालेली, एचएमटी १९५३ ची, त्या मशीनवर हात ठेवला की कळतं. पण एचएमटीची एफएन-टू-व्ही दोन टनांच्या पुढे जाते आणि माझ्या शेडची फरशी शहाबादी आहे. रशियन तर अजून वजनदार. त्यांचं नंबरिंग मला फार आवडतं, पहिला आकडा ६ म्हणजे मिलिंग, दुसरा १ म्हणजे व्हर्टिकल, शेवटचा २ म्हणजे टेबल ३२० बाय १२५०, प्लेट वाचली की विषय संपला. पण वजन तीन टन. तीन टन कोल्हापुरातल्या एका गल्लीत, गटाराच्या झाकणावरून, कसं न्यायचं ते सांगा मला आणि मग म्हणा की ‘ब्रँडेड का नाही घेतली’.

तर आता मी ही मशीन जिथून घेतली त्या गोदामाची गोष्ट, कारण सगळं उत्तर तिथेच आहे.

माझ्याबरोबर उद्यमनगरातले एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणतात, मीपण. पिशवीत व्हर्नियर, मॅग्नेटिक स्टँडवाला डायल गेज, बॅटरी, रॉकेलची चिंधी आणि एक आर-एट कोलेट, म्हणजे स्पिंडलमध्ये बसून कटर धरणारा तुकडा. मशीन पोपटी रंगात न्हाऊन उभी, पुट्टी इतकी की कॉलमचे कोपरे गोल झालेले. आणि कॉलमवर चकचकीत प्लेट, ब्रिजपोर्ट, मेड इन इंग्लंड. इंग्लंडात लेस्टरला ॲडकॉक अँड शिप्ली ही मशीन लायसनवर बनवायचे, त्यामुळे असं मशीन आपल्याकडे असणं अशक्य नाही, आणि मी मान्य करतो की प्लेट बघून माझ्या पोटात काहीतरी हललं. गोदामाच्या शेठनं किंमत सांगितली. मामा माझ्याकडे न बघता तंबाखू मळायला लागले.

मी विचारलं स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा, कुठलं. ‘आर-एट, ब्रिजपोर्टला दुसरं काय असणार साहेब?’ कोलेट घातला, जेमतेम इंचभर आत गेला आणि अडला. इथे भले भले गंडतात, कारण आर-एट आणि आयएसओ ३० हे स्पिंडलच्या निमुळत्या भोकाचे दोन प्रकार, पण दोन्हींचं तोंड सव्वा इंचाचं, म्हणजे ३१.७५ मिमी, आणि टेपरचा कोनही जवळजवळ सारखा. आर-एटचा टेपर लगेच संपतो आणि पुढे २४ मिमीच्या आसपास सरळ भोक, आयएसओचा मात्र निमुळता होत जातो, म्हणून आर-एट कोलेट त्यात मध्येच अडकतो. शिवाय आयएसओला स्पिंडलच्या तोंडावर समोरासमोर दोन ‘की’ (कटर घसरू न देणारे ठोकळे) असतात, आर-एटला तिथे काही नसतं, आत एक बारीक पिन असते. ह्या मशीनला की नव्हत्या, पण चिंधी फिरवल्यावर त्यांच्या खाचा निघाल्या, ग्रीसनं भरलेल्या.

शेठ हलला नाही. ‘इंग्लंडच्या काही आयएसओ पण यायच्या की.’ आणि राग येतो ते हेच, माणूस खरं बोलत होता, यायच्याच. मग बॅकलॅश, म्हणजे हँडलचा ढिलेपणा, काढून टेबलाचं हँडल दहा वेळा फिरवलं आणि टेबल किती सरकलं ते मोजलं, बरोबर ५० मिमी. इंची स्क्रू असता, पाच टीपीआयचा (इंचाला पाच आटे), तर दहा फेऱ्यांत दोन इंच म्हणजे ५०.८ आले असते. ‘मेट्रिक पण यायच्या साहेब.’ हेही खरं. त्या माणसाला मशीनबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती होती आणि प्रत्येक माहिती तो ढालीसारखी पुढे करत होता, आणि मी तिथे उभा राहून विचार करतोय की कदाचित असेलही, कदाचित खरंच असेल.

मग मामा उठले. प्लेटच्या कडेखाली नख घातलं. खाली तोच ताजा पोपटी रंग. म्हणजे आधी रंग, मग प्लेट. चारही स्क्रू नवेकोरे स्टार तोंडाचे, आणि एकाचं भोक प्लेटला जुळेना म्हणून तिरकं घेतलेलं. मामा म्हणाले, ‘नंबर ‘नी’वर ठोकलेला असतोय, दाखवा की.’ प्लेटवर नंबर होता, ‘नी’वर शोधून सापडेना.

मला वाटलं आता भांडण. शेठ हसला. ‘साहेबांना नाव नको असंल तर नाव काढून घेतो, मशीन तीच हाय.’ खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, चार स्क्रू काढले, प्लेट शर्टाला पुसली आणि स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकली. खण उघडा असताना मी बघितलं, आत ती एकटी नव्हती. आणि किंमत तिथल्या तिथे जवळजवळ एक तृतीयांशानं उतरली. म्हणजे तेवढी किंमत ॲल्युमिनियमच्या त्या तुकड्याची होती.

तर माझ्या मशीनवर कंपनीच्या जागी चार भोकं आहेत. तुम्ही बोट लावून ‘इथे काय होतं?’ विचारता ना, ते हे होतं.

परत येताना गाडीत मामा म्हणाले, ‘ती प्लेट मागून घ्यायची होती. आता दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनवर बसंल.’ मी म्हटलं मी काय पोलीस आहे का? आजही तेच म्हणतो. सौदा चांगला होत होता, मी गप्प बसलो, तुम्ही असता तर तुम्हीही बसला असता. पण मामांचं वाक्य गेलं नाहीये डोक्यातून, कबूल.

‘मग असल्या माणसाकडून घेतलीच कशाला?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. कारण मशीन चांगली होती, आणि हे तपासायला प्लेट लागत नाही. बैल घेताना दात बघतात, मिलिंग घेताना टेबल. टेबल मधोमध असताना गिब (सरकत्या भागातला ढिलेपणा घालवणारी पट्टी) टाईट करायची आणि मग टेबल दोन्ही टोकांना न्यायचं, टोकाला जाम होत असेल तर मधला भाग झिजलाय. इथे फरक अगदी थोडा होता. टेबलाचं टोक उचलून डायल बघितला, क्विल (स्पिंडलसकट खाली येणारी नळी) पूर्ण बाहेर काढून हलवून बघितली, फुल स्पीडला मशीन चालू ठेवून आम्ही चहा घेतला आणि मग स्पिंडलच्या नाकावर हात ठेवला, कोमट, हात ठेवता येईल इतपत. टेबलावर कुणी ड्रिल घुसवल्याचे वण नाहीत. हँडलचा प्ले बघून घाबरू नका, नट बदलता येतो, झिजलेली स्लाइड सरळ करायचा खर्च विचारून बघा म्हणजे कळेल. आणि स्लाइडवर फारच सुंदर ताजी नक्षी दिसली तर जास्त संशय घ्या, ती गिऱ्हाइकासाठी काढलेली असू शकते.

आणायचं थोडक्यात सांगतो. छोट्या हत्तीत टाकू नका, तो पाऊण टनाच्या आसपासचा आणि हे मशीन टनाचं. पिकअप घ्या, हायड्रा क्रेन बोलवा, आणि उचलायच्या आधी रॅम मागे, टेबल खाली, हेड उलटं फिरवून मोटर खाली करा, नाहीतर वजन सगळं वरती आणि मशीन आडवी.

घरी पुट्टी खरवडल्यावर खरी गंमत. टेबल, सॅडल सगळं मेट्रिक, पण हेडचे बोल्ट इंची आट्यांचे आणि क्विलची डेप्थ पट्टी इंचांत. म्हणजे हेड एका मशीनचं, खालचं धड दुसऱ्या. कॉलमच्या मागे बिडात ओतलेली अक्षरं होती, ती कुणीतरी ग्राइंडरनं घासून टाकलीयेत, एकाचा गोल पोटाचा भाग तेवढा उरलाय. बटाल्याचं बीड, राजकोटचं, की इथलंच शिरोलीचं, मला सांगता येत नाही आणि जे फोटो बघून सांगतात ते ठोकतात. मोटर अजून तिसऱ्याच कुणाची, ४१५ व्होल्टची, आतून स्टार जोडणीची. घरी सिंगल फेज, त्यामुळे तिचं आतलं स्टारचं टोक उघडून सहा वायरी बाहेर काढल्या, डेल्टा केली आणि २३० च्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) लावली. मोटर मोठी असती तर बहुतेक आधीच डेल्टात निघाली असती आणि हा मार्ग बंद झाला असता, म्हणून घेण्याआधी मोटरची प्लेट वाचा, ती सहसा खरी असते.

आता तुम्ही म्हणाल, मग कंपनी महत्त्वाची नाही असंच ना? तसं म्हणता येत नाही मला. तुमच्याकडे जागा, फरशी आणि थ्री फेज असेल तर मी अजूनही एचएमटी बघा असंच सांगेन, आणि ते ऐकून ‘स्वतः मात्र लोकल घेतली’ म्हणणारे आहेतच. दुसरीकडे, ह्याच मशीनवर मी जुन्या ऑइल इंजिनाचे पार्ट काढतोय आणि ते बसतायत. रात्री बॅटरी घेऊन ते घासलेलं अक्षर अजूनही बघत असतो, ‘बी’ असेल की ‘पी’ असेल, ह्याला काही अर्थ नाही हे कळून.

सध्याचा वाद वेगळाच चालू आहे. स्पिंडलची बेअरिंगं काढायची वेळ आलीये, तर त्याच वेळी आर-एट स्पिंडल बनवून घ्यावं असं एक मन म्हणतं, कोलेट स्वस्त आणि सगळीकडे मिळतात. मामा म्हणतात असू दे आयएसओ ३०, त्याला की असतात, कटर घसरत नाही, फक्त गेलेल्या दोन की नव्या बसवा. माझ्याकडे एम १२ ड्रॉबारचे (वरून कसायच्या लांब बोल्टचे) आयएसओ होल्डर जमलेत ते फुकट घालवायचे नाहीत, त्यामुळे तूर्त आयएसओच.