जुन्या गाडीचा कूलंट टेम्परेचर सेन्सर घरी बदलताना

आमची पंधरा वर्षे जुनी पेट्रोल गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होत असे. परंतु कोथरूडहून स्वारगेटपर्यंत जाऊन थोडा वेळ थांबवली आणि पुन्हा सुरू करू लागलो, की स्टार्टर बराच वेळ फिरत राही, मागून काळपट धूर व कच्च्या पेट्रोलचा वास येई आणि रेडिएटरचा पंखा विनाकारण चालूच असे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र अगदी जागेवर होता. दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी०११८ हा कोड दिसला.

असा कोड दिसताच ‘सेन्सर गेला’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत मला पटत नाही. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाच्या सर्किटमधील व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त आहे, एवढेच हा कोड सांगतो. गंजलेली पिन किंवा पार्किंगमधल्या उंदरांनी कुरतडलेली वायर असली तरी तोच उमटतो. या सेन्सरमध्ये एक थर्मिस्टर असतो, ज्याचा विद्युतरोध तापमान वाढेल तसा घटतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, त्या सर्किटला ५ व्होल्ट पुरवतो आणि उरलेल्या व्होल्टेजवरून तापमान ताडतो. सर्किट तुटले, की ईसीयूला इंजिन बर्फाहून थंड भासते, तो पेट्रोल वाढवतो, आणि खबरदारी म्हणून अनेक गाड्यांत पंखाही चालू ठेवतो. काट्यासाठी बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगळा सेन्सर असतो. म्हणून त्या काट्यावर विसंबता येत नाही.

मल्टिमीटरने पाहिले तेव्हा थंड इंजिनावर सेन्सरचा रोध सुमारे अडीच किलोओहम, म्हणजे निर्दोष भरला. कनेक्टर काढून, चावी फिरवून त्याच्या दोन पिनांमध्ये मोजले तर जवळपास ५ व्होल्ट मिळाले. म्हणजे वायरिंगही ठीक होते. मग गाडी चांगली तापवून, इंजिन बंद करून, लगेच सेन्सरचा रोध पुन्हा मोजला आणि मीटरने सर्किट पूर्ण तुटल्याचे दाखवले. आतला जोड उष्णतेने सुटत होता. थंड इंजिनावरच्या मोजणीवर थांबणाऱ्याला हा दोष सापडणार नाही.

नाना पेठेत सुटा भाग घेताना गाडीचे वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि कनेक्टरचा फोटो सोबत ठेवावा, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन निरनिराळे सेन्सर आढळतात. नवा सेन्सर बसवण्याआधी मी तो उकळत्या पाण्यात धरून पाहिला. (पातेले स्वयंपाकातले नव्हते, हे घरातल्यांच्या समाधानासाठी नमूद करतो.) पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तेथे रोध दोनशे ओहमच्या जवळ उतरला आणि तसाच स्थिर राहिला.

प्रत्यक्ष बदलणे त्या मानाने किरकोळ आहे. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते कूलंट अंगावर उडते. थंड झाल्यावर झाकण एकदा उघडून, दाब सोडून पुन्हा लावावे. माझ्या गाडीत सेन्सर थर्मोस्टॅटच्या घरापाशी आहे आणि त्याला १९ चा पाना लागतो. नवा सेन्सर नव्या तांब्याच्या वॉशरसह हाताशी ठेवून जुना काढला आणि लगेच नवा लावला, तर कपभराहून अधिक कूलंट सांडत नाही. आटे ॲल्युमिनियमचे असल्याने सुरुवात बोटांनीच करावी, आणि वॉशर बसल्यानंतर पान्यावर जोर लावू नये. खाली ताट धरायला विसरू नये: कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना ते चाटण्याचा मोह होतो.

कूलंट भरून, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले, बुडबुडे थांबल्यावर पातळी पुन्हा भरून झाकण लावले आणि कोड पुसला. स्कॅनरवर तापमान खंड न पडता चढत गेले. नव्वदी ओलांडल्यावर पंखा लागला आणि थोड्या वेळाने आपणहून थांबला. दुसऱ्या दिवशी कूलंटच्या राखीव टाकीतली पातळी किंचित उतरलेली होती, ती खुणेपर्यंत भरली. वॉशरभोवती ओल नव्हती.